निनावी रोपे आणि मुके जीव

घरात कुत्रा असताना फुलझाड ठेवावे की न ठेवावे, आणि ठेवल्यास त्यापासून त्या मुक्या जीवाला अपाय तर होणार नाही ना, हा प्रश्न आज बोरीवलीसारख्या उपनगरातील असंख्य कुटुंबांपुढे आहे. आणि तो क्षुल्लक समजून बाजूस सारण्याजोगा नाही, कारण ज्या कुंडीकडे पाहून घरातील वडीलधारी माणसे सकाळी प्रसन्न होतात, त्याच कुंडीतील काही पाने त्या घरातील लाडक्या प्राण्याचा जीव घेण्यास पुरेशी ठरू शकतात. या प्रश्नाचे 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर मागणारा मनुष्य फुलझाड ही एकच जात आहे असे गृहीत धरतो. वस्तुतः कोणते झाड, त्याचा कोणता भाग, किती प्रमाणात आणि किती वजनाच्या जनावराच्या पोटात गेला, या चार गोष्टी कळल्याखेरीज कोणताही जबाबदार पशुवैद्य उत्तर देणार नाही; आणि या चारांपैकी पहिलीच गोष्ट, म्हणजे झाडाचे नाव, आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक नसते. माझ्या मते सर्व अनर्थाचे मूळ या अज्ञानात आहे, आणि ते दूर करण्याची जबाबदारी एकट्या कुत्रा पाळणाऱ्यावर टाकून रोपविक्रेते, गृहनिर्माण संस्था आणि महापालिका यांना मोकळे होता येणार नाही.

हा प्रश्न आजच इतका निकडीचा का झाला, हे समजण्यासाठी या उपनगराच्या बदललेल्या वस्तीकडे पाहावे लागते. १९५७ साली बृहन्मुंबईच्या हद्दीत बोरीवलीचा समावेश झाला, तेव्हा एक्सर, शिंपोली, मागाठाणे ही नावे अजून शेतांशी आणि वाड्यांशी जोडलेली होती. कण्हेर असलीच तर कुंपणावर असे, कुत्रा अंगणात किंवा ओटीच्या पायरीशी पडून राही, आणि दिवसभर हिंडण्यास त्याला मोकळे रान असे. आज त्याच जागी उभ्या राहिलेल्या इमारतींतील दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेत कुत्राही आला आणि बागही आली. बाल्कनीच्या ग्रिलमध्ये मांडलेल्या कुंड्या आणि कुत्र्याची झोपण्याची जागा यांत हातभराचेही अंतर उरले नाही. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालण्याची मुभा गृहनिर्माण संस्थांना नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ साली परिपत्रक काढून बजावले, ते योग्यच झाले; परंतु प्राण्याला घरात राहण्याचा हक्क दिला म्हणजे ते घर त्याच्या राहण्यास निर्धोक करण्याचे कर्तव्यही आपोआप आपल्याकडे येते, याचा विचार मात्र त्या प्रमाणात झाला नाही.

याबाबतीत एक समजूत फार दृढ आहे, आणि ती मोडून काढणे प्रथम अगत्याचे आहे. जनावराला आपले हित-अहित उपजतच कळते, विषारी पाल्याला ते तोंड लावीत नाही, असे सुशिक्षित माणसेही निःशंकपणे सांगतात. रानात चरणारी शेळी किंवा गाय कोणता पाला टाळावा हे बव्हंशी आपल्या आईच्या आणि कळपाच्या सहवासात शिकते; आणि तरीही दुष्काळात, चारा सरला म्हणजे, तीच गाय घाणेरीचा पाला खाऊन यकृताच्या विकाराने खंगते, हे आपल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या पाहिले आहे. मग जे पिल्लू जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत आईपासून दूर होऊन चौथ्या मजल्यावरील सदनिकेत येते, त्याला ही शिकवण कोणी द्यावी? शिवाय आपल्या बाल्कनीतील बहुतेक शोभिवंत झाडे या भूमीची नव्हेतच. पिवळी कण्हेर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, सदाफुली आणि कलांचो मादागास्करची, अडेनियम पूर्व आफ्रिका व अरबस्तानाकडचे, पीस लिली उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील, सायकस दक्षिण जपानचा. ज्या वनस्पतींशी या देशातील श्वानकुळाची हजारो वर्षांत कधी गाठ पडली नाही, त्यांच्याविषयी उपजत ज्ञान असण्याची अपेक्षा तर्काला धरून नाही.

उलट कुत्र्याच्या स्वभावात चावण्याची प्रवृत्ती आहे, आणि तिला कारणेही आहेत. साधारण चौथ्या महिन्यापासून सातव्या महिन्यापर्यंत पिल्लाचे दुधाचे दात पडून कायमचे दात येत असतात; त्या काळात हिरड्या शिवशिवतात आणि जे समोर येईल ते चघळल्यावाचून त्याला चैन पडत नाही. पुढे वयात आल्यावरही, घरातील सर्व माणसे सकाळच्या लोकलने कामावर गेली म्हणजे आठ-दहा तास एकट्याने काढताना कंटाळ्यापोटी ते माती उकरते, खोड कुरतडते, गळून पडलेली फुले खाते. यात खोडसाळपणा नाही. बंदिस्त जागेत कोंडलेल्या एका चपळ जीवाचा तो स्वाभाविक व्यापार आहे, आणि त्याबद्दल शिक्षा करण्यापेक्षा त्याच्या आवाक्यात काय ठेवले आहे याची खातरजमा करणे हे मालकाचे काम आहे.

आता प्रत्यक्ष झाडांकडे वळू. सर्व विषारी झाडे सारखी विषारी नसतात, आणि भेद न करता सर्वांचीच धास्ती घेणे हेही अज्ञानच होय. ज्या झाडाविषयी सर्वांत जास्त विचारणा होते ती पीस लिली. पांढऱ्या पालवासारख्या फुलामुळे आणि कमी उजेडात टिकण्याच्या गुणामुळे दिवाणखान्यात तिला मानाचे स्थान मिळाले आहे. तिच्या नावात लिली असली तरी ती लिलीच्या कुळातील नव्हे, ती आपल्या अळवाच्या कुळातील. आणि अँथुरियम, मनी प्लांट व डाइफेनबॅकिया ही तिची सख्खी भावंडे. अळू नीट न शिजवता खाल्ले म्हणजे घशाला जी खाज सुटते, ती ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळे, तेच स्फटिक या झाडांच्या पानापानांत भरलेले असतात. कुत्र्याने पान चावताच ते त्याच्या जिभेत आणि हिरड्यांत रुततात. लाळ गळू लागते, प्राणी पंजाने तोंड घासतो, विव्हळतो, कधी ओकतो. दृश्य भीतिदायक असते, परंतु वेदनेमुळेच जनावर फार खात नाही, आणि सामान्यतः त्याच्या जिवावर बेतत नाही. घसा सुजून श्वासाला अडथळा होत असेल तर मात्र तत्काळ पशुवैद्याकडे नेले पाहिजे. पीस लिली ही कुत्र्याच्या उंचीबाहेर ठेवण्याची वस्तू आहे, घराबाहेर काढण्याची नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या वर्गातील झाडांविषयी मात्र इतके सौम्य बोलता येणार नाही. लाल, गुलाबी, पांढरी कण्हेर. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो आणि जिच्या बियांशी कोकणातील मुले खेळत आली. जाडजूड खोडाचे आणि गडद गुलाबी फुलांचे अडेनियम. आणि काही अंशी पानफुटी व तिच्या जातीचे कलांचो, ही सर्व झाडे हृदयावर आघात करणारी द्रव्ये बाळगून असतात. इंग्लंडमधील वैद्य विल्यम विदरिंग याने १७८५ साली डिजिटॅलिस या वनस्पतीचा हृदयावरील परिणाम प्रसिद्ध केला आणि त्यातून पुढे एक मौल्यवान औषध निघाले. कण्हेरीचे विष त्याच गुणधर्माचे आहे. हृदयाच्या स्नायूंतील पेशी सोडियम आणि पोटॅशियम यांची जी अखंड देवघेव करीत असतात, ती हे विष रोखून धरते, आणि मग ठोके कधी मंदावतात, कधी सैरावैरा धावतात, कधी थांबतात. आधी ओकारी व जुलाब, नंतर मरगळ, नंतर तोल जाणे, आणि अखेर कोसळणे, असा क्रम असतो. या झाडाचे मूळ, खोड, पान, फूल, बी यांपैकी काहीच निर्विष नाही. वाळलेले पानही विषारी राहते, आणि कण्हेरीची फांदी ज्या फुलदाणीत ठेवली तिचे पाणीही प्राण्याला पिऊ देऊ नये. आपल्या आयुर्वेदाने करवीर, अर्क, धत्तूर आणि लांगली, म्हणजे कण्हेर, रुई, धोत्रा आणि कळलावी, यांची गणना उपविषांत केली आहे. ज्ञान आपल्याकडे नव्हते असे नाही. ते वैद्याच्या पोथीत राहिले आणि नर्सरीच्या कुंडीपर्यंत पोहोचले नाही.

तिसरा वर्ग संमिश्र आहे, पण त्यातील काही नावे प्रत्येक पालकाने पाठ करून ठेवावीत. सायकस हे वस्तुतः फुलझाड नव्हे, तथापि इमारतीच्या प्रवेशद्वाराशी दोन्ही बाजूंस त्याची जोडी ठेवण्याची प्रथा इतकी पडली आहे की त्याला वगळता येत नाही. त्यातील विष यकृताचा नाश करते. सर्व भाग विषारी असले तरी त्याच्या नारिंगी रंगाच्या बिया सर्वांत घातक असून एक-दोन बियाही कुत्र्याला पुरतात, आणि पहिल्या दिवशीच्या ओकाऱ्या थांबल्यावर बरे वाटले असे समजून स्वस्थ बसणाऱ्या मालकाला दोन-तीन दिवसांनी कावीळ आणि रक्तस्राव यांना तोंड द्यावे लागते. जांभळे फूल उमलून फिकट होत होत पांढरे पडणारे ब्रुनफेल्सिया, जे आपल्याकडे 'यस्टरडे टुडे टुमॉरो' या नावाने विकतात, ते कुत्र्यांच्या मज्जासंस्थेवर परिणाम करून झटके आणते. पावसाळ्यात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील झुडपांवर ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी ही मनोहर खरी, परंतु तिच्या कंदातील कोल्चिसीन हे द्रव्य शरीरातील पेशींची वाढच खुंटवते. तो कंद कोणी हौसेने कुंडीत लावला असेल आणि घरात उकरणारा कुत्रा असेल, तर त्याने आजच तो काढून टाकावा. सदाफुलीतून कर्करोगावरील विनक्रिस्टिन व विनब्लास्टिन ही औषधे मिळतात, ही मानवजातीवर तिची थोर कृपा होय. पण ज्या द्रव्याची मात्रा रुग्णालयात अत्यंत काळजीने मोजून देतात, ते पिल्लाच्या पोटात मापाविना जाऊ देणे शहाणपणाचे नाही.

रातराणीचे उदाहरण तर नावाविषयीचा माझा आग्रह अधिकच दृढ करते. इंग्रजी बाजारी नावाने ती मोगऱ्या-जाईची बहीण वाटते, आणि सुगंधही तसाच मोहक. प्रत्यक्षात ती धोत्र्याच्या कुळातील असून तिची पांढरी फळे विषारी असतात. मोगरा आणि जाई कुत्र्यास निर्धोक. त्यांच्या शेजारी त्यांच्याच आडनावाने बसलेली रातराणी तशी नाही. केवळ फुलाच्या रंगावरून, वासावरून किंवा विक्रेत्याने उच्चारलेल्या शब्दावरून निर्णय करणे किती धोक्याचे आहे, याचा याहून स्पष्ट दाखला सापडणे कठीण.

निर्धोक झाडांची यादी लहान नाही, हे सांगताना मला समाधान वाटते. गुलाब, मोगरा, जाई, जर्बेरा, झिनिया, आफ्रिकन व्हायोलेट, आणि फॅलेनॉप्सिस जातीचे ऑर्किड ही कुत्र्यासाठी निर्विष मानली जातात. देवपूजेची लाल जास्वंदही त्यांतच गणली जाते. निर्विष याचा अर्थ कितीही खाल्ले तरी चालेल असा मात्र नव्हे. कोणताही पाला पोटभर खाल्ल्यास कुत्रा ओकणारच, आणि गुलाबाचा काटा तोंडात मोडायचा तो मोडणारच. येथे आणखी एक सूचना केली पाहिजे. कुत्र्याचा न्याय मांजराला लागू नाही. खऱ्या लिलीचे फूल खाऊन कुत्र्याचे पोट बिघडते, परंतु मांजराच्या बाबतीत त्याच फुलाचा परागही मूत्रपिंडे निकामी करू शकतो. ज्या घरात दोन्ही प्राणी नांदतात त्या घराने लिलीचा पुष्पगुच्छ उंबरठ्याच्या आत घेऊ नये.

झाड निर्धोक असूनही कुंडी विषारी असू शकते, ही गोष्ट जाणत्या माणसांच्याही ध्यानात येत नाही. एरंडीची पेंड उत्तम खत म्हणून आपण घालतो; पण तेल काढल्यावर मागे राहिलेल्या त्या चोथ्यात रायसिन हे अत्यंत जहाल विष उरलेले असू शकते, आणि पेंडीच्या वासाने कुत्रा हटकून आकर्षित होतो. त्यातच हाडांचा चुरा मिसळलेला असेल तर ती कुंडी त्याच्या दृष्टीने वाढून ठेवलेले ताटच होय. पावसाळ्यात गोगलगायींसाठी टाकण्याच्या गोळ्यांतील मेटाल्डिहाइड कुत्र्यांना झटके आणते. फोरेटसारख्या दाणेदार कीटकनाशकावर केंद्र सरकारने २०१८ च्या आदेशान्वये बंदी घातली आणि ती २०२० च्या अखेरीपासून अमलात आली. तथापि माळ्याच्या जुन्या डब्यात काय शिल्लक आहे हे माळ्यालाही नेहमी ठाऊक असतेच असे नाही. म्हणून माळ्याने कुंडीत काय घातले हे विचारण्याचा संकोच कोणी करू नये, आणि एरंडीऐवजी निंबोळीची पेंड किंवा चांगले कुजलेले शेणखत वापरून, ते मातीखाली दाबून, वर नारळाच्या सालीचे किंवा दगडाचे आच्छादन करावे.

आपल्या सणांचाही येथे विचार केला पाहिजे, आणि तो श्रद्धेला धक्का न लावता करता येतो. भाद्रपदात गणपतीला जी एकवीस पत्री आपण वाहतो, तीत धोत्रा, कण्हेर आणि रुई ही तिन्ही असतात. शनिवारी मारुतीच्या गळ्यात रुईच्या पानांची माळ पडते. महादेवाला धोत्र्याचे फूल आणि फळ चालते. बाजारात बांधलेली पत्रीची जुडी घरी येते, जमिनीवर पसरून निवडली जाते, पूजेनंतर निर्माल्य पिशवीत भरून दाराशी ठेवले जाते, आणि कलशात नेऊन टाकीपर्यंत दोन-तीन दिवस ते तेथेच पडून असते. पाहुण्यांच्या गर्दीत, कुत्र्याकडे कोणाचे लक्ष नसताना, हाच काळ सर्वांत धोक्याचा. पत्री उंचावर निवडावी, निर्माल्य झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि त्याच दिवशी बाहेर न्यावे, एवढ्याने हे संकट टळते. केरळात एप्रिल २०२४ मध्ये एका तरुणीचा मृत्यू झाला, आणि तिने कण्हेरीची पाने व फुले चघळली असावीत असा संशय पुढे आला. त्यानंतर मे महिन्यात त्रावणकोर आणि मलबार या दोन्ही देवस्वम मंडळांनी नैवेद्यात व प्रसादात कण्हेरीच्या फुलाचा वापर थांबवला. शतकांची परिपाठी असलेल्या संस्थांनी थोड्याच दिवसांत असा निर्णय घेतला आणि त्यामुळे देवाची पूजा कोठे उणी पडली नाही. भक्ती आणि सावधगिरी यांत विरोध नाही, हे त्या उदाहरणाने सिद्ध केले.

यावर काही लोक म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे आदराने ऐकले पाहिजे, की कण्हेर आपल्या आजोबांच्या अंगणात होती, कुत्राही होता, आणि कधी काही झाले नाही. पण तेव्हा मेलेल्या कुत्र्याची नोंद कोणत्या दप्तरात होत होती? कुत्रा रात्री ओकला, सकाळी आंबराईत मरून पडला, साप चावला असेल म्हणून पुरला, इतकीच त्याची कैफियत. शिवाय त्या काळी झाड आणि जनावर यांमध्ये मोकळे आवार होते, आणि दिवसभर हिंडणाऱ्या जनावराला पाला चघळण्याचे कारण नव्हते. दुसरा आक्षेप याच्या उलट आहे: मग सारीच फुलझाडे उपटून टाकावीत काय? मुळीच नाही. कमी पाण्यात आणि धुरात तगून महामार्गांच्या दुभाजकांवर फुलणारी कण्हेर हे एक गुणी झाड आहे, आणि ज्या दुभाजकावर कोणाचा कुत्रा जात नाही तेथे ती अवश्य असावी. ज्या जागी मुले आणि जनावरे खेळतात, म्हणजे सोसायटीच्या बागेत, पायवाटेच्या कडेला, तळमजल्याच्या ओट्यावर, तेथे तिच्याऐवजी जास्वंद का नसावी, एवढाच माझा प्रश्न आहे. शोभेसाठी आणलेल्या झाडाच्या परिणामांचा विचार न करण्याची किंमत हा देश पूर्वी मोजून बसला आहे. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात फुलांच्या हौसेने आणली गेली, आणि आज ती या देशातील जंगलांना ग्रासून बसली आहे.

तर मग करावे काय? पहिली आणि मुख्य मागणी रोपविक्रीविषयी आहे. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांचे नियमन करणारा कायदा १९६९ पासून आहे. आंब्याचे कलम विकणाऱ्याने परवाना घ्यावा आणि मूळखुंट कोणता, कलमकाडी कोणत्या झाडाची, याची नोंद ठेवावी, अशी त्यात तरतूद आहे, कारण दहा वर्षांनी झाड वांझ निघाले तर शेतकऱ्याचे नुकसान होते. हे तत्त्व मान्य केल्यावर, ज्या रोपाने दहा मिनिटांत जीव जाण्याजोगे विष पोटात जाऊ शकते, ते रोप मात्र रस्त्याच्या कडेला, हातगाडीवर, नावाच्या चिठ्ठीवाचून विकले जावे, आणि नाव विचारल्यास 'बारमाही फुलते' एवढेच उत्तर मिळावे, हे कोणत्या न्यायाने? ब्रिटनमध्ये रोपविक्रेत्यांच्या संघटनेनेच अपायकारक झाडांची वर्गवारी करून रोपाच्या चिठ्ठीवर सूचना छापण्याचा परिपाठ घातला आहे. आपल्याकडेही प्रत्येक कुंडीवर मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि, आवश्यक तेथे, 'मुले व प्राणी यांस अपायकारक' ही सूचना, इतका मजकूर असणे सक्तीचे करावे. चिठ्ठीचा खर्च नगण्य आहे, आणि प्रामाणिक विक्रेत्याला त्यात तोटा नाही. उलट जाणकार गिऱ्हाईक पुन्हा त्याच्याचकडे येईल. मुंबई महापालिका दरवर्षी राणीच्या बागेत झाडाफुलांचे प्रदर्शन भरवते व लाखो लोक ते पाहतात. तेथील कुंड्यांवर अशा चिठ्ठ्या लावून महापालिकेने स्वतः आरंभ करावा, म्हणजे इतरांस सांगण्याचा तिला अधिकार प्राप्त होईल.

दुसरी मागणी गृहनिर्माण संस्थांकडे. आवारात काय लावायचे याचा निर्णय आज बहुधा माळी आणि कंत्राटदार घेतात. व्यवस्थापक समितीने आवारातील झाडांची एक यादी करून ती सूचनाफलकावर लावावी, सायकसच्या बिया दिसताच काढून टाकाव्यात, कीटकनाशक फवारण्यापूर्वी एक दिवस आधी रहिवाशांना कळवावे. कुत्रा पाळणारे आणि न पाळणारे यांच्यात आपल्या सोसायट्यांतून जे वितुष्ट वारंवार उद्भवते, त्यात ही यादी तंट्याचा विषय होण्याचे कारण नाही, कारण जे पान पिल्लू तोंडात घालते तेच रांगते मूलही घालते.

तिसरी गोष्ट उपचारांची. मुंबईत १८७४ साली प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था निघाली, १८८६ साली परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि २०२४ साली महालक्ष्मीला लहान प्राण्यांसाठी टाटा ट्रस्टचे सुसज्ज रुग्णालय उघडले. ही परंपरा अभिमानास्पद आहे. परंतु कण्हेर खाल्लेला कुत्रा घेऊन रात्री बोरीवलीहून परळ किंवा महालक्ष्मी गाठण्यात जो वेळ जातो, तोच निर्णायक असतो. माणसांच्या विषबाधेसंबंधी चोवीस तास सल्ला देणारे केंद्र दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून चालू आहे. तशीच प्राण्यांसाठी एक दूरध्वनी-सेवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आश्रयाने चालवण्याची तजवीज राज्य शासनाने करावी, म्हणजे गल्लीतील पशुवैद्यालाही रात्री तज्ज्ञाची मसलत घेता येईल. तोवर प्रत्येक घराने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्राण्याच्या तोंडातील पाला काढून तोंड स्वच्छ पाण्याने धुवावे. खाल्लेल्या झाडाची फांदी किंवा तिचे छायाचित्र बरोबर घ्यावे. किती वाजता व किती खाल्ले हे सांगता यावे. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा घरगुती उपाय कदापि करू नये, त्याने रक्तातील क्षार वाढून प्राणी दगावू शकतो; ओकारी करवावी की नाही हा निर्णय पशुवैद्याचाच. अळवाची खाज चिंचेने जाते म्हणून कुत्र्याला चिंचेचे पाणी देण्याचा मोह कोणास होईल, तर तोही टाळावा, कारण द्राक्षांप्रमाणेच चिंचेतील टार्टारिक आम्ल कुत्र्याच्या मूत्रपिंडांस घातक ठरण्याचा संभव आहे. लक्षणे दिसेपर्यंत थांबणे ही सर्वांत मोठी चूक होय. विष रक्तात उतरण्यापूर्वी सक्रिय कोळसा देणे आणि हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवणे हे उपाय जितके लवकर होतील तितके फलदायी ठरतात.

कुत्र्याने आपले घर निवडलेले नसते आणि झाडाने आपली कुंडी निवडलेली नसते. दोघांनाही एकाच छपराखाली आणणारे आपणच. ज्याने आणले त्याने जाणून घ्यावे, ज्याने विकले त्याने सांगावे, आणि ज्याच्या हाती अंमल आहे त्याने दोघांनाही तसे करण्यास भाग पाडावे, ही विभागणी न्याय्य आहे आणि सोपीही आहे. येत्या पावसाळ्यात बोरीवलीतील नर्सऱ्या रोपांनी भरून जातील. तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकाने पैसे देण्यापूर्वी झाडाचे नाव विचारावे, नाव न सांगता येणाऱ्याकडून रोप घेऊ नये, आणि घरी आणलेल्या प्रत्येक कुंडीवर ते नाव लिहून ठेवावे. कायदा होण्याची वाट न पाहता प्रत्येकाला उद्याच करता येण्याजोगे हे काम आहे, आणि पुरेशा लोकांनी ते केले तर कायदा करणाऱ्यांनाही त्याची दखल घ्यावीच लागेल.